जपानी कपाटातले पाहुणे शब्द

नमस्कार श्रोतेहो. जपानी शिकणारा कांजी लिपीला, म्हणजे चिनी वळणाच्या चिन्हांना, बिचकतो आणि काताकाना या सोप्या अक्षरांत लिहिलेले परभाषेतले शब्द मात्र फुकटात मिळाले, असं समजतो. कपड्यांच्या दुकानात हा समज अंगाशी येतो.

'शर्ट'चा झाला शात्सु. यातला 'त्सु' मराठी माणसाला सोपा: चकलीतला च म्हणा, चहातला नव्हे. पुढे गंमत आहे. इंग्रजी 'व्हाइट शर्ट'चं झालं वायशात्सु, पण आता त्याचा अर्थ कॉलरचा ऑफिसचा शर्ट. त्यामुळे निळा वायशात्सुही खुशाल मिळतो. 'ट्रेनर'चा तोरेएनाआ म्हणजे व्यायाम शिकवणारा, तसा जाड सुती स्वेटशर्टही. आणि पान्त्सु? फॅशनच्या दुकानात पँट, घरात बहुतेकदा चड्डी. जपून!

काही पाहुणे फार जुने. १५४३ साली पोर्तुगीज जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले; १५४९ मध्ये ख्रिस्ती धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून कागोशिमाला पोचला. त्या येण्याजाण्यात पोर्तुगीज 'कापा' म्हणजे झगा, तो जपानीत काप्पा झाला, पावसाळी अंगरखा. बटणाला बोतान म्हणतात. किमोनोच्या आत घालायचं जुबान तर आता कांजीत लिहितात. ते बाहेरून आलं हे सांगितल्याशिवाय कळतही नाही.

नाम पाठ झालं तरी काम अर्धंच. इंग्रजीत सगळ्याला एकच क्रियापद. आपण मात्र लुगडं नेसतो, सदरा घालतो, शाल पांघरतो, फेटा बांधतो. जपानीतही तसंच आहे, फक्त वाटणी वेगळी. अंगावर चढवायचं ते किरु, पायांतून वर ओढायचं ते हाकु, डोक्यावरचं काबुरु. म्हणून शात्सु ओ किरु, पण सुकाआतो, म्हणजे स्कर्ट, ओ हाकु; यातला 'ओ' नुसता कर्म दाखवतो. बूट, मोजेसुद्धा हाकु. माझं मत विचाराल तर वहीत नुसता शब्द लिहूच नका, क्रियापदासकट लिहा.

आता आपल्या पायजम्याचं बघा. तो इंग्रजीमार्गे जपानला पोचला आणि पाजामा झाला. पायांत चढवायचा, तेव्हा हाकु म्हणाल ना? चूक! तिथे पाजामा म्हणजे झोपताना घालायचा वरखाली अख्खा जोड, म्हणून पाजामा ओ किरु. त्यातली नुसती विजार घातली, तरच हाकु.