डावं पान, उजवं पान

(दृश्य: फळा, खडू लागलेली बोटं)

सहावीचा वर्ग, अपूर्णांकांची बेरीज. फळ्यापाशी बी.एड.ची छात्राध्यापिका. फळ्यावर १/२ + १/३. पहिल्या बाकावरच्या वहीत उत्तर आलंय २/५. वरचे आकडे वर मिळवले, खालचे खाली. ती लसावि काढून दाखवते आणि पुढच्या उदाहरणाकडे वळते.

(दृश्य: शिक्षकखोली, उघडी वही)

ही तिची चिंतन-दैनंदिनी, म्हणजे आपण कसं शिकवलं यावर विचार करून लिहायची वही. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये आंतरवासिता, म्हणजे शाळेत राहून शिकवण्याचा सराव, किमान २० आठवड्यांची. त्या काळात ही वही रोज लिहायची असते. पण रविवारी बसून सहा दिवसांचं एकदम उतरवलं, की मुलांचे शब्द निसटलेले असतात. मग उरतं ते ‘पाठ चांगला झाला, विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.’ त्यातून शिकण्यासारखं काहीच हाती लागत नाही.

म्हणून डावं पान तास संपल्यावर लगेच, पंधरा मिनिटांत. अख्खा तास लिहायचा नाही. जिथे अडखळलो किंवा घाईनं पुढं सरकलो, तेवढा एकच प्रसंग. मुलानं काय लिहिलं, आपण काय बोललो, जसंच्या तसं. ‘छान’, ‘गोंधळ’ असे शेरे या पानावर नकोत.

उजवं पान रात्री. शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ साली चिंतनाचे सहा टप्पे मांडले: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, पुढची कृती. हे सहा मथळे एकाखाली एक आखले, की वर्णनच पान खातं आणि विश्लेषणाला दोन ओळी उरतात. वर्णन डावीकडे अडवून ठेवलं, की उजवं पान मोकळं राहतं.

(दृश्य: उजवं पान, जवळून)

पहिली ओळ खोडलेली आहे: ‘मुलाचा पाया कच्चा.’ खाली लिहिलंय: ‘२/५ कसं आलं, हे मी विचारलंच नाही. अर्ध्यात भर घालून उत्तर अर्ध्याहून कमी कसं येईल, हे त्याला दिसायला हवं होतं.’

खोडलेली ओळ वाचता येते, आणि ती तशीच राहू द्यावी. मार्गदर्शकांनी अशा कबुलीचे गुण कापले, तर उद्यापासून वहीत फक्त यशस्वी पाठ येतील. तिथे शेऱ्याऐवजी एक प्रश्न लिहावा. आणि ही पंधरा मिनिटं वेळापत्रकातच हवीत, मधल्या सुट्टीतून चोरलेली नकोत.

(दृश्य: कागदाच्या पट्ट्या)

दुसऱ्या दिवशीच्या पाठाचं टाचण बदललं. सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या: एकीवर अर्ध्याची घडी, दुसरीचे पाच सारखे भाग, त्यांतले दोन रंगवलेले. मुलगा दोन्ही पट्ट्या एकाखाली एक धरतो.