उतारावरची पेटी

(पहाट. पुण्यात जांभूळवाडीच्या दरी पुलाकडून खाली येणारे ट्रक. पहिले दहा सेकंद निवेदन नाही, नुसता आवाज.)

हा जो फुस्स फुस्स आवाज येतोय ना, तो एअर ब्रेकचा. गाडी नवीन कात्रज बोगद्यातनं बाहेर पडली की तिथपासून नवले पुलापर्यंत सगळा उतारच, सात-आठ किलोमीटर, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आंबेगाव, नऱ्हे, सोसायट्या, सर्व्हिस रोड, कॉलेजची पोरं, टपऱ्या. आवाज रेकॉर्ड झालाय. वास काही कॅमेऱ्यात येत नाही. पण ब्रेकच्या जळक्या लायनरचा वास आला की इथली माणसं चहाचा ग्लास हातात घेऊनच रस्त्यापासून चार पावलं मागं सरकतात, बोलणं सुद्धा थांबवत नाहीत.

(गॅरेज. खोललेला ब्रेकचा ड्रम, क्लोजअप.)

ड्रमच्या आतली ही निळसर झाक बघा, ही तापून आलेली. गॅरेजवाले दादा सांगतात, उतार लागला की ड्रायव्हर गाडी न्यूट्रल करतो, काहीजण तर इंजिनच बंद करतात, तेवढंच डिझेल वाचतं. आता गाडी गिअरमध्ये असली तर इंजिन तिला धरून ठेवतं, ते सोडलं की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतो आणि लायनरची पकडच जाते. इंजिन बंद असेल तर हवा भरणारा कॉम्प्रेसर पण बंद, मग पाय दाबाल तशी टाकीतली हवा कमी कमी होत जाते, स्टिअरिंग जड होतं ते वेगळंच. दादांनी हे आम्हाला तीनदा समजावलं, तिन्ही वेळा हातात पान्हा. आणि ड्रायव्हरला शिव्या घालायच्या आधी त्याला डिझेल मोजून देणाऱ्या मालकाचं पण बोला, असंही बजावलं. तर ते बोललो.

20 नोव्हेंबर 2022, रविवारची रात्र, एका ट्रकने इथं जवळपास 48 गाड्या उडवल्या. 13 नोव्हेंबर 2025 ला कंटेनर, मग आग, आठ जण गेले. ते व्हिडिओ तुम्ही मोबाइलवर पाहिलेत, आम्ही परत दाखवत नाही.

(मंदिराचा सभामंडप. सतरंजी. रविवार सकाळ.)

आमची गोष्ट इथं सुरू होते. कारण अपघात झाला की अँब्युलन्स यायच्या आधी पोचतो तो टपरीवाला, पंक्चरवाला, दूधवाला. पहिल्यांदा हात त्यांचे लागतात. मग त्या हातांना प्रथमोपचार शिकवूया ना, एवढाच विचार होता.

खाली आडवे झालेत ते दूधवाले काका, आजचे पेशंट. हसू नका म्हणून तीनदा सांगितलंय त्यांना. शिकवणाऱ्या सिस्टर रिटायर झाल्यात पण आवाज अजून वॉर्डातलाच आहे. पहिला नियम, पाणी पाजायचं नाही. हे पचायला सगळ्यात अवघड गेलं, कारण आपल्याकडे माणूस पडला की आधी बाटली पुढं येते, पण अर्धवट शुद्धीत पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. दुसरं, हेल्मेट ओढून काढायचं नाही. श्वास अडकत असेल तरच, आणि ते पण दोघांनी, एकाने मान आणि जबडा दोन्ही हातांनी स्थिर धरायचा, दुसऱ्याने हेल्मेट हळूहळू सरकवायचं. (हा शॉट पूर्ण ठेवा, कापू नका.) आणि हेल्मेट म्हटलं की पुण्यात लगेच वाद सुरू होतो, इथं पण झाला, पंधरा मिनिटं गेली त्यात.

या टपरीवरच्या मावशी. स्वच्छ कपड्याची घडी, जखमेवर ठेवायची, तळव्याने दाबून धरायची, सारखं उचलून बघायचं नाही, भिजली तर वर दुसरी घडी. मावशींचे हात बघा. कणीक तिंबल्यासारखं पूर्ण वजन टाकून दाबतायत. सिस्टरनी सगळ्यांना तेच बघायला बोलावलं.

त्यानंतर जखमीला फळीवर घेणं. चौघं लागतात, डोक्याकडचा मोजणार, एक दोन तीन, डोकं, मान, पाठ एका रेषेत. पहिल्यांदा काका फळीवरनं घसरले. दुसऱ्यांदा पण. पाचव्यांदा जमलं.

(टपरीच्या खांबावर लॅमिनेट केलेला कागद.)

घरचे एकच म्हणतात, कशाला लफड्यात पडतोस, पोलीस तुलाच धरतील. म्हणून हा कागद. सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलं. मदत करणाऱ्यावर केस नाही, नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची पण नाही. 108 आणि 112 हे नंबर सगळ्यात मोठ्या अक्षरात, ते मावशींनी सांगून मोठे करून घेतले, चष्म्याशिवाय दिसत नव्हते म्हणून.

(फाइल, फॉर्म, झेरॉक्स.)

नंतरचं काम असं कागदांचं. 2025 पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार कॅशलेस आहेत, ठोकून पळालेली गाडी सापडली नाही तर मृत्यूला दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार भरपाई आहे, पण अर्ज करायचा असतो हेच लोकांना माहीत नसतं. इथल्या एका निवृत्त काकांनी आतापर्यंत दोन घरांचे अर्ज भरून दिलेत. एका घरी पैसे आले, दुसऱ्या घरचं काम अजून चालू आहे. त्या घरातल्या कुणालाच कॅमेऱ्यासमोर यायचं नव्हतं, आम्ही पण आग्रह केला नाही.

(संध्याकाळ. सर्व्हिस रोडच्या कठड्यावर पणत्या.)

नोव्हेंबरचा तिसरा रविवार रस्ते अपघातात गेलेल्यांच्या आठवणीसाठी जगभर पाळतात. 2022 मध्ये तो बरोबर वीस तारखेलाच होता, म्हणजे त्या 48 गाड्यांच्याच दिवशी. हे आम्हाला शूटिंग करताना कळलं.

(पणत्यांवर निवेदन नको. ट्रकचा आवाज राहू द्या, मग प्रथमोपचाराची पेटी.)

ही पेटी मावशींच्या टपरीत, बिस्किटांच्या बरण्यांखाली असते. बँडेज, कात्री, टॉर्च, ग्लोव्हज. ग्लोव्हजचे दोनच जोड उरलेत, पंक्चरवाल्याने वहीत लिहून ठेवलंय.