चढाला घाम, उताराला हुडहुडी

[पहाट. धुक्यात सायकलचा दिवा.]

ग्वाल्हेर, जानेवारी. पारा ५ अंशांवर. लष्कर या भागातल्या एका मराठी घराच्या दारात आजी जाडजूड स्वेटर घेऊन उभी आहे. "अरे, हा तरी घाल!" नातू सायकल बाहेर काढत मान हलवतो. आजीचं चुकत नाही. पण ती दारात उभी राहणार आहे, आणि हा थोड्या वेळात किल्ल्याचा चढ चढणार आहे.

निघताना थोडं गारठायलाच हवं. दारातच ऊब वाटली, तर एक कपडा जास्त झाला म्हणून समजा.

खरी फसगत करतं ते सुती बनियन. सूत घाम पितं आणि धरून बसतं. पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगानं अंगातली ऊब ओढून नेतं. म्हणून अंगालगत पॉलिएस्टरचा पातळ, घट्ट टीशर्ट. परवडत असेल तर मेरिनो लोकर. ती ओली झाली तरी ऊब सोडत नाही. त्यावर बिनबाह्यांचा स्वेटर, आजीनंच कधीतरी विणलेला. आणि सगळ्यांत वर विंडचीटर. रेनकोट नको, त्यात घाम कोंडतो.

[किल्ल्याचा उरवाई दरवाजा. कड्यात कोरलेल्या तीर्थंकरांच्या मूर्ती.]

पंधराव्या शतकातल्या या मूर्तींसमोरून जाताना दम लागतो, कपाळ ओलं होतं. विंडचीटरची चेन आता पोटापर्यंत खाली. ही चेन म्हणजे सायकलवाल्याची खिडकी: चढाला उघडायची, माथ्यावर पोचलं की थांबण्याआधीच लावायची.

कारण आता उतार आहे. पाय थांबतात, अंग तापत नाही, आणि वारा छातीवर येतो. ५ अंशांची हवा ताशी ३० किलोमीटरच्या वेगात उघड्या कातडीला ० अंशांसारखी झोंबते. युरोपातल्या घाटांत जुने शर्यतपटू उताराआधी जर्सीच्या आत वर्तमानपत्र खुपसत. आपला गडीही तेच करतो. कागदातून वारा शिरत नाही, आणि खर्च शून्य.

बोटांचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. सुन्न बोटांनी ब्रेक दाबला जात नाही. लोकरी हातमोजे दिसायला उबदार, पण वारा आरपार. वारा अडवणारेच घ्या. पायात दोन-दोन मोजे कोंबले तर बूट आवळतो, रक्त नीट खेळत नाही, आणि पाय उलट जास्त गारठतात. कानांना पातळ टोपी पुरे, हेल्मेटखाली मावेल अशी.

[पुन्हा तेच दार.]

आजी पाठीवरून हात फिरवून बघते. कोरडी आहे. ती काही बोलत नाही, स्वेटर घडी करून ठेवते.

आतून आजोबांचा आवाज: "कालचा पेपर कोणी नेला रे? माझं सुडोकू अर्धं राहिलंय!"

नातू हळूच चेन उघडतो.