निःशंकपणे बोलण्याची रात्र

फाल्गुन पौर्णिमेच्या संध्याकाळी ठाणे खाडीकाठच्या कोळीवाड्यांत घराघरांतून पुरणाचा वास येऊ लागतो आणि बायका नैवेद्याचे ताट घेऊन होळीच्या दिशेने निघतात. १९७० साली सिडको या शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि पुढे भातशेती व मिठागरांच्या जागी नवी मुंबईच्या इमारती उभ्या राहिल्या. तरी दिवाळे, सारसोळे यांसारख्या गावांत शिमग्याची ओढ ओसरलेली नाही.

होळीत लाकडे आणि गोवऱ्या जळतात, हे सर्वांना दिसते. माणसाने तिच्यात आपले काय टाकायचे, हे मात्र भविष्यपुराणातील ढुंढा राक्षसीच्या कथेत सापडते. लहान मुलांना छळणाऱ्या ढुंढेला घालवण्यासाठी रघुराजाला सांगितलेला उपाय असा, की लोकांनी लाकडे रचून अग्नी पेटवावा, त्याला तीन प्रदक्षिणा घालाव्यात आणि ज्याच्या मनात जे असेल ते त्याने निःशंकपणे बोलून टाकावे. शिमग्याच्या बोंबेला केवळ आरडाओरड समजणे हा तिच्यावर अन्याय आहे. वर्षभर गिळलेले शब्द, मग ते दुसऱ्याच्या चुकीविषयी असोत वा स्वतःच्या, या एका रात्री सगळ्या गावासमक्ष मोकळे करता येतात. त्यासाठी होळी मोठी लागत नाही, आणि उभे झाड तोडण्याची तर मुळीच गरज नाही.

तांब्यातून पाण्याची बारीक धार धरून एक आजी होळीभोवती फिरत आहेत आणि धार तुटू नये म्हणून अगदी सावकाश पाऊल टाकत आहेत. आगीत नारळ सोडताना त्यांचे ओठ हलतात. त्या काय पुटपुटल्या, हे विचारायचे नसते.

थोड्या वेळाने मुले लांब काठीने निखाऱ्यांतला नारळ बाहेर ओढतात. काळी पडलेली करवंटी फुटते आणि धुराचा वास लागलेले गरम खोबरे हातोहात वाटले जाते. संपादित जमिनीच्या बदल्यात सिडकोकडून मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरून ज्या भावाभावांची बोलाचाल थांबली आहे, त्यांनाही समोर आलेला तुकडा नाकारता येत नाही, कारण तो प्रसाद असतो.

शिमगा सरला तरी कवित्व उरते, असे आपण म्हणतो, आणि खरी कसोटी तिथेच लागते. धुळवडीच्या सकाळी राख अजून कोमट असते. धाकटा ती चिमूटभर कपाळाला लावतो, थोरल्यापुढे वाकतो, आणि रात्री कोण काय बोलले याचा उल्लेख दोघेही करीत नाहीत.