स्टेपनीचा भार कुणाच्या खांद्यावर

(दृश्य: कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. सकाळी दहाची वेळ. अर्धं उघडलेलं शटर, आत लेथचा आवाज. बाहेर हिरवी जिम्नी.)

हा आवाज ऐका. दार उघडतानाचा नाही, लावतानाचा. आधी टक, आणि त्यामागून एक बारीक कडकड.

गाडी नवी होती तेव्हा हे मागचं दार एका हातानं सहज लागायचं. आता खालून गुडघ्याचा टेकू देऊन थोडं उचलावं लागतं, तेव्हा कुठं कुलूप खाचेत बसतं. याला कारण गाडी नाही, मी आहे. गाडीला मोठे टायर लावले, पाचवं चाकही तसंच मोठं घेतलं, आणि ते मागे टांगायला बाजारातून एक स्वस्त ब्रॅकेट आणून अर्ध्या तासात बसवला. तो अर्धा तास आज मला अख्खा दिवस खर्च करायला लावतोय.

मिस्त्री दाराभोवती एक चक्कर मारतात. दार अर्धं उघडतात, खालची कड दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवतात. दार हलतं. फार नाही, दोन-तीन मिलिमीटर. पण बिजागरीजवळच्या रंगावर केसाएवढी रेघ उमटलीय, ती ते नखानं दाखवतात.

"स्टेपनी मोठी घेतलासा, ते ठीक हाय. पर तिचं वजन कुठं ठेवायचं, त्ये कुणी इचारलंच नाही की."

(दृश्य: चाकाचा क्लोजअप. शीर्षक.)

स्टेपनी. हा शब्द उद्यमनगरात दिवसातून शंभरदा कानावर पडतो. तो आलाय वेल्समधल्या लानेल्ली गावातल्या एका रस्त्याच्या नावावरून. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास एक सुटी धाव बनवली, हवा भरलेल्या टायरसकट. पंक्चर झालेलं चाक न काढता ती त्यावरच आवळायची आणि पुढे निघायचं. तोवर मोटारीबरोबर जादा चाक नेण्याची पद्धतच नव्हती. इंग्लंडात आज हा शब्द फारसा कुणी वापरत नाही. आपल्याकडे मात्र ट्रकवाल्यापासून टमटमवाल्यापर्यंत सगळे वापरतात.

आणि ती लागतेच. २०२० पासून आपल्या नियमात सवलत आहे: टायरमधला दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं किट असेल, तर गाडीत जादा चाक नसलं तरी चालतं. शहरात ठीक आहे. पण राधानगरी, दाजीपूरकडच्या कच्च्या वाटेवर जांभ्याची धार टायरच्या कुशीत घुसली, की तिथं ना किटमधली रबरी बत्ती चालते ना टायरमध्ये भरायचा फेस. कुशीचा काप बुजवता येत नाही, चाकच बदलावं लागतं. म्हणून चाक हवं, आणि चारही चाकांच्या मापाचं हवं.

आता मापाचं बघू. कंपनीनं जिम्नीला दिलेला टायर १९५/८० आर १५: म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, कुशीची उंची रुंदीच्या ८० टक्के, आणि रिम १५ इंची. त्याची उंची येते सुमारे ६९३ मिलिमीटर. मी लावलेला २३५/७५ आर १५, उंची सुमारे ७३३. म्हणजे त्रिज्या २० मिलिमीटरनं वाढली. मूळच्या जागी टांगलं तर टायरचा खालचा भाग बंपरवर टेकतो. रुंदीसुद्धा ४० मिलिमीटरनं वाढली, त्यातली निम्मी दाराच्या दिशेनं. त्यामुळं चाक वरही सरकवायचं आणि मागेही सरकवायचं. (जाता जाता: घेरही जवळजवळ सहा टक्क्यांनी वाढतो. स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४-८५ नं पळत असते.)

बाजारातले बहुतेक ब्रॅकेट नेमकं एवढंच करतात, वर आणि मागे सरकवतात. वजनाचं काय, याचं उत्तर त्यांच्याकडे नसतं.

(दृश्य: वजनकाटा. आधी जुनं चाक, मग नवं.)

उद्यमनगरात काटा शोधायला लांब जावं लागत नाही. मूळचं चाक भरलं १८ किलो. नवं, लोखंडी रिमसकट, २६. फरक आठ किलोचा. ऐकायला काहीच नाही.

पण पाण्याची कळशी कडेवर घेऊन बघा, आणि तीच हात लांब करून धरून बघा. कळशी तीच, पाणी तेवढंच. दाराचं तसंच आहे. जिम्नीचं मागचं दार उजव्या बाजूच्या बिजागऱ्यांवर फिरतं. दार उघडलं की चाकाचा मध्य बिजागरीपासून समजा ५५ सेंटीमीटर लांब जातो. दोन बिजागऱ्यांमध्ये ४० सेंटीमीटर अंतर धरलं, तर वरच्या बिजागरीला बाहेर ओढणारा जोर होतो सुमारे ३६ किलोचा. हे गाडी उभी असताना. दार बंद असलं की कुलूप थोडा भार घेतं, पण खड्ड्यात आपटताना तोच भार क्षणभर दुप्पट-तिप्पट होतो, आणि कच्च्या रस्त्यावर असे क्षण तासाला हजारानं येतात. पत्रा एका दणक्यानं फाटत नाही. त्याला हळूहळू थकवा येतो, आणि मग एक दिवस बोल्टच्या भोकापासून चीर निघते.

म्हणून कॅरिअर, म्हणजे स्टेपनी टांगायची चौकट, निवडताना मिस्त्री एकच प्रश्न विचारतात: भार शेवटी उतरतो कुठं?

पहिला प्रकार, माझ्यासारखा. मूळच्या जागेवर जोडतुकडा लावायचा. भार उतरतो दाराच्या पत्र्यावर, आणि चाक आणखी मागे गेल्यामुळं तो वाढूनच उतरतो. दोन-चार किलोचा फरक असेल तर चालेल. माझ्या चाकाला नाही.

दुसरा प्रकार रुबाबदार. मागे जाड लोखंडी बंपर, त्याच्या एका कोपऱ्यात उभा खुंटा, त्याच्यावर फिरणारा आडवा हात, आणि हातावर चाक. भार सरळ चेसिसवर जातो, दाराचा संबंधच उरत नाही. ३३ इंची टायर लावणाऱ्यांना हाच मार्ग, त्यात वाद नाही. पण जिम्नीचे मागचे दिवे बंपरमध्येच असतात. बंपर बदलायचा म्हणजे दिवे, त्यांच्या वायरी, नंबरप्लेट, सगळ्याला नवी जागा करायची. बंपर, हात आणि चाक मिळून सत्तर किलोच्या पुढं सहज जातं, आणि गाडीच मुळात बाराशे किलोची. शिवाय पिशवी काढायची झाली तरी आधी हात उघडा, मग दार उघडा. चढावर उभी असेल तर तो हात अंगावर परत येऊ नये म्हणून त्याला खिट्टी लागते. ती नसलेला कॅरिअर कितीही भक्कम दिसला तरी घेऊ नये, असं माझं मत आहे. नडगीवर बसलेल्या फटक्यातून झालेलं मत आहे.

तिसरा प्रकार मधला. दाराच्या दोन्ही बिजागऱ्यांना धरून एक पोलादी सांगाडा बसतो, चाक त्या सांगाड्यावर. दार फक्त सोबत फिरतं. भार बिजागरीतून गाडीच्या खांबावर जातो. बिजागरी मूळचीच राहते, हा त्याचा कच्चा दुवा. पण माझं चाक २६ किलोचं आहे, ४० चं नाही. आम्ही हा घेतला.

कायद्याचंही इथंच सांगून टाकतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. माझ्या टायरचं माप कंपनीनं दिलेलं नाही, ही जोखीम माझी आहे, आणि विमा मागताना ती पुढे येऊ शकते. निदान नंबरप्लेट आणि दिवे झाकले जाणार नाहीत एवढं बघायलाच हवं.

(दृश्य: काम सुरू. दाराखाली जॅक, त्यावर लाकडी ठोकळा.)

पहिला पाना फिरण्याआधी दाराला टेकू. मग बिजागरीच्या कडेनं पेन्सिलची रेघ. दोन्ही बिजागऱ्या एकदम सोडायच्या नाहीत. एक सोडायची, सांगाड्याचा पाय बिजागरीखाली सरकवायचा, रेघेवर आणून बोल्ट हातानं लावायचे, मगच दुसरी. ही रेघ नसती तर दार पुन्हा चौकटीत बसवण्यात दुपार गेली असती.

माझ्या जुन्या ब्रॅकेटची भोकं पत्र्यात तशीच आहेत. दाराचं आतलं आवरण काढल्यावर दिसतं, भोकांच्या कडेला तांबूस गंज. एकाच पावसाळ्याचा. गगनबावड्याच्या पावसात गाडी उभी राहते, पाणी बोल्टच्या कडेनं आत उतरतं, आणि ड्रिल मारलेल्या कडेला रंग नसतो. मिस्त्री गंज घासतात, झिंक प्रायमर लावतात, वाळायची वाट बघतात. घाई करणाऱ्यासाठी यात काही नाही.

सांगाड्याचा एक आधार दाराच्या मधोमध येतो. तिथं आतून चार मिलिमीटरची प्लेट, तळहाताएवढी, म्हणजे बोल्टचा दाब एका वायसरएवढ्या जागेवर न पडता पसरतो. मी रंग वाचवायला मध्ये जाड रबर घालू म्हटलं. मिस्त्रींनी मान हलवली. रबर दबतं, नंतर आणखी दबतं, आणि बोल्टचा ताण उतरतो. पातळ फिल्म लावली, बस.

बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा ताकदीची प्रत सांगणारा आकडा आहे का, ते प्रत्येक बोल्ट उचलून बघितलं. बॉक्समध्ये आलेल्या दोन बोल्टांवर काहीच नव्हतं. ते भंगारात गेले. दहा मिलिमीटरच्या ८.८ बोल्टला साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटर पीळ पुरतो, आणि तो टॉर्कपान्यानं मोजून द्यायचा. पाईप लावून लटकायचं नाही. चाकाच्या नटांना मात्र जास्त. जिम्नीच्या चाकाला पाच नट, ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास १३९.७ मिलिमीटर. इंचात साडेपाच. जुन्या विलिस जीपचंही हेच माप, त्यामुळं कॅरिअरची चाकपट्टी लेथवर करून घ्यायची झाली तर इथं कुणालाही माप समजावून सांगावं लागत नाही.

पाचातला एक नट चोरी टाळायला चावीचा लावला. ती चावी गाडीतच ठेवायची असते. घरातल्या शोकेसमध्ये नाही. यावर मी अधिक बोलणार नाही.

शेवटी दोन रबरी ठोकळे, टायरच्या पाठीला दाबून बसणारे. कडकड याच मोकळ्या फटीतून येत होती. आणि प्रत्येक नटावरून सांगाड्यावर ओढलेली पांढऱ्या रंगाची एक रेघ.

दार लावलं. टक. त्यामागून काही नाही.

(दृश्य: पन्हाळ्याकडचा कच्चा रस्ता. लाल धूळ. गाडी चाकोरीतूनच जाते.)

मसाई पठाराच्या बाजूनं, दाजीपूरच्या वाटेनं, पंधरा दिवस गाडी फिरली. मळलेली वाट सोडून सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, गाडी घातली नाही. तिथल्या पावसाळी फुलांची मुळं बोटभर मातीत असतात, आणि त्यांच्यासाठी पाचवं चाक कुणी ठेवत नाही.

पाचशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा उद्यमनगर. मिस्त्री खाली बसतात, बॅटरी मारतात. पांढऱ्या रेघा एकेक बघतात. सगळ्या सरळ, एक सोडून. वरच्या बिजागरीजवळची रेघ तुटलीय. नटावरचा तुकडा सांगाड्यावरच्या तुकड्यापासून जरा सरकलाय.

टॉर्कपाना लागतो. पाव वळसा, आणि कट्ट.

ते जुनी रेघ पुसत नाहीत. शेजारी नवी ओढतात.

"हजारला परत या. चहा घेणार न्हवं?"