वस्तीच्या फिल्मला पैसा कुठून येतो?

नमस्कार श्रोतेहो.

31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. त्या पाक्षिकाला राजर्षी शाहू महाराजांनी 2500 रुपयांची मदत केली होती. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस महाराज आपल्या नागपुरात आले, ते बहिष्कृत परिषदेचे अध्यक्ष म्हणून. पैसा महाराजांचा होता, लेखणी मात्र बाबासाहेबांचीच राहिली. आज ज्याला आपण ग्रँट म्हणतो, तिचा याहून चांगला नमुना मला दिसत नाही.

आज विदर्भातली कितीतरी मुलंमुली आपल्या वस्तीवर, आपल्या गावावर माहितीपट करायला निघाली आहेत. विषय दारातच आहेत. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख आहे, गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेली गावं आहेत, 23 नोव्हेंबर 1994 ला याच शहरात चेंगराचेंगरीत गेलेले 114 गोवारी बांधव आहेत. कॅमेरा तर खिशातल्या मोबाइलमध्येच असतो. लागतो तो वेळ. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट मुंबईतल्या 1997 च्या रमाबाई नगर गोळीबारानंतर सुरू झाला आणि 2011 मध्ये लोकांसमोर आला. म्हणजे 14 वर्षं! अनुदान देणारे सहसा वर्ष-दीड वर्षात काम संपवायला सांगतात.

परदेशातले मोठे फंड आहेत, पण तिथला अर्ज इंग्रजीत भरावा लागतो. संस्थेच्या नावावर परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या कायद्याखालची नोंदणी लागते. त्यासाठी संस्था किमान 3 वर्षं जुनी हवी आणि त्या काळात तिने 15 लाख रुपये कामावर खर्च केलेले हवेत. वस्तीतल्या मंडळाने एवढा खर्च दाखवायचा कुठून? पूर्वी एखादी मोठी संस्था पैसा घेऊन छोट्या संस्थेला पुढे देऊ शकत असे. 2020 च्या दुरुस्तीने तेही बंद झालं. देशातल्या देशात बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्ससारखी दारं आहेत. तिथे एकट्या माणसालाही अर्ज करता येतो, आणि तोही मराठीत. हे आपल्या मुलांपर्यंत पोचलं पाहिजे. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा पैसाही आहे. पण राखेवर फिल्म करणाऱ्याने वीज कंपनीचा पैसा घेऊ नये, असं मी स्पष्टच सांगेन.

आता बजेटचं बोलू, कारण खरी गोम तिथेच आहे. कॅमेऱ्याचं भाडं, एडिटिंग, प्रवास, साउंड हे सगळं नीट मांडलेलं असतं. मग खर्च कमी करा म्हटलं की दोन ओळींवर आधी काट मारली जाते. एक, वस्तीतल्या माणसांचा मेहनताना. धुणीभांडी करणाऱ्या ताईला तुम्ही सकाळी 2 तास थांबवलंत, तर तिची 2 घरं बुडतात. शिवाय मालकिणीची बोलणी खावी लागतात ती वेगळीच. वाट दाखवणारा, घरोघरी ओळख करून देणारा पोरगा हाही त्या फिल्मचा कामगारच आहे.

दुसरी ओळ, वस्तीत फिल्म दाखवण्याचा खर्च. उत्तर नागपुरातल्या एका समाजमंदिरात मी असा खेळ पाहिला आहे. भिंतीला पांढरी चादर लावलेली, शेजारच्या घरातून वायर ओढलेली, पोरं पुढे सतरंजीवर आणि बाया मागे दाराशी. फिल्म संपल्यावर एक आजी उठून म्हणाली, “आमी दिसलो बाप्पा, पन आमी का मांगतो थे काई नाई दिसलं.” दिग्दर्शक तरुण होता, गुणी होता. त्याने वही काढली आणि आजीला पुन्हा बोलतं केलं. पण बदल करायला हातात पैसा उरला नव्हता. म्हणून वस्तीतला खेळ कच्च्या कटचाच, म्हणजे एडिटिंग पक्कं होण्याआधीच्या फिल्मचाच ठेवा, आणि त्यानंतरच्या दुरुस्तीचे पैसे आधीच धरून ठेवा.

आणि आपण नागपूरकरांनी का हात आखडावा? दीक्षाभूमीवर दरवर्षी लोक पदरचे पैसे मोडून पुस्तकं नेतात. मोलमजुरी करणारी माणसंही नेतात. त्याच माणसांनी 100-100 रुपये काढून वस्तीचा निधी उभा केला, तर निदान पहिल्या 3 महिन्यांचं चित्रीकरण कुणाच्या मंजुरीवाचून सुरू होईल. मंडळाचं बँक खातं, दोन सह्या, आणि कुणाला किती दिले त्याचा दर महिन्याला समाजमंदिराच्या फळ्यावर हिशोब, एवढ्यावर सुरुवात करता येते. पुढे मोठा अर्ज करायची वेळ आली, की हाच हिशोब त्याला जोडायचा.