नटी बिनोदिनी आणि स्टार थिएटर

१८७४. कलकत्त्याचं ग्रेट नॅशनल थिएटर. ‘शत्रुसंहार’ नाटकात द्रौपदीच्या सखीचं एवढंसं काम. पगार महिना दहा रुपये. दिवे आणि समोरची गर्दी बघून दहा-बारा वर्षांच्या बिनोदिनीचे पाय लटपटतायत. कशीबशी वाक्यं म्हणून ती वळते, तर टाळ्यांचा कडकडाट. टाळ्या कशाला, हे तिला तेव्हा उमगलंही नाही.

बंगाली थिएटरात बायका येऊन वर्ष होत होतं. त्या यायच्या वेश्यावस्तीतून. भद्रलोकांच्या, म्हणजे प्रतिष्ठितांच्या घरातलं कोण येणार? बिनोदिनीही तिथलीच. (आपल्याकडे किर्लोस्कर मंडळीत शकुंतला व्हायचे ते भाऊराव कोल्हटकर!) नाटककार-दिग्दर्शक गिरीशचंद्र घोष यांच्या तालमीत ती तयार झाली. ‘मेघनादवध’मध्ये तर सात भूमिका एकटीच्या.

१८८३. गुरमुख राय नावाचा तरुण धनिक नवं थिएटर बांधून द्यायला तयार झाला, पण अट घातली की बिनोदिनी आपली झाली पाहिजे. सहकाऱ्यांनी गळ घातली, ती तयार झाली. मग तोच म्हणाला, थिएटरचा नाद सोड, ५० हजार रुपये घे. तिनं थिएटरच मागितलं. बीडन स्ट्रीटवर काम सुरू झालं, तेव्हा मजुरांबरोबर मातीच्या टोपल्या वाहायलाही ती मागे राहिली नाही. नाव तिचंच द्यायचं, ‘बी थिएटर’, असा शब्द होता. नोंदणी करून मंडळी परतली. नाव काय दिलंत? ‘स्टार’. वेश्येचं नाव पाटीवर कोण लावणार! हा सल तिनं १९१२च्या ‘आमार कथा’ या आत्मकथनात लिहून ठेवलाय.

त्याच रंगमंचावर १८८४मध्ये ‘चैतन्यलीला’ आलं. वैष्णव संत चैतन्य महाप्रभूंची भूमिका करायची म्हणून तिनं पहाटे गंगास्नान केलं, १०८ वेळा दुर्गेचं नाव लिहून काढलं. २१ सप्टेंबरला खुद्द रामकृष्ण परमहंस प्रयोगाला आले आणि तिला आशीर्वाद देऊन गेले. इतकी बदनाम जागा, आणि तिथे परमहंस! थिएटरची पत एका रात्रीत वाढली.

जानेवारी १८८७मध्ये, पंचविशीच्या आतच, तिनं रंगभूमी सोडली. पुढे मुलगी झाली, शकुंतला. आईचं कूळ बघून तिला शाळेत घेतलं नाही. १९०४मध्ये ती गेली. बिनोदिनी १९४१पर्यंत जगली.

डिसेंबर २०२४मध्ये पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्र्यांनी ‘स्टार’चं नाव ‘बिनोदिनी थिएटर’ केल्याचं जाहीर केलं. हे स्टार बीडन स्ट्रीटचं नव्हे, हातीबागानचं, १८८८चं. कंपनी तिथे गेली तेव्हा बिनोदिनी त्यात नव्हतीच.